रेस तिथं जाऊन बघावी, की घरी बसून?

तुम्ही विचारलंय की सेलूहून तिघं मित्र चेन्नईला राष्ट्रीय रेसिंगचा शनिवार-रविवार बघायला निघालाय, तर तिकीट कुठलं काढावं, राहावं कुठं, किती दिवस लागतील. आणि शेवटी लिहिलंय, "थोरला भाऊ म्हणतो, घरबसल्या सगळं दिसतं, पैसे कशाला घालायचे?" बाकीच्या गोष्टींकडं येतो, पण या शेवटच्या वाक्यानं मला गप्प बसवेना. हेच वाक्य माझ्या दादानं मला २०११ च्या दिवाळीत अख्ख्या घरासमोर ऐकवलं होतं.

त्या वर्षी फॉर्म्युला वन, म्हणजे मोटारींची सगळ्यात मोठी जागतिक शर्यत, पहिल्यांदा भारतात आली, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, ३० ऑक्टोबरला. मी तेव्हा वाळूजला एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवायचो. सगळ्यात स्वस्त तिकीट अडीच हजारांचं, तीच दोन काढली. एक माझं, एक बाबांचं. लक्ष्मीपूजन २६ ला होतं, भाऊबीज २८ ला. म्हणजे पाडव्याला परभणीहून दिल्लीकडं जाणारी सचखंड एक्स्प्रेस धरायची आणि भाऊबीज रेल्वेत. ताईनं पाडव्याला पहाटेच मला ओवाळलं आणि दशम्या बांधून दिल्या. दादा ओट्यावर बसून म्हणाला, "सोयाबीनचा पैसा अजून हातात नाही अन् ह्याला गाड्या बघायच्यात. म्हाताऱ्याला कशाला फरफटत नेतो? टीव्हीवर फुकट दिसती की."

बाबा काही बोलले नाहीत. धोतर सारखं केलं, पिशवी उचलली आणि फाटकाकडं चालू लागले. बाबा शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे माणूस. तरुणपणी बैलजोडी घेऊन हिंगोली, वाशिमकडं दोन-दोन मुक्काम करत जायचे. त्याच वर्षी जुलैत केंद्राची अधिसूचना निघून बैलांच्या शर्यतींवर गदा आली होती, आणि तेव्हापासून बाबा घरात हरवल्यासारखे असायचे. मी त्यांना का नेत होतो, हे दादाला कळायला पाहिजे होतं.

सचखंडला वाटेत लंगर, म्हणजे फुकट जेवण मिळतं. हातात डबा किंवा ताटली ठेवा, एवढंच सांगतो. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेच्या खिडकीतून वाढून घेतलं.

शनिवारी सकाळी ट्रॅकवर पोचलो. गाड्या दिसायच्या आधी आवाज आला. तेव्हा व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं होती, मिनिटाला १८ हजार फेऱ्यांपर्यंत फिरणारी. तो आवाज टीव्हीत येतच नाही, छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. पहिली गाडी समोरून गेली तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग हळूहळू ते बघायला लागले. आम्हाला लांब सरळ रस्त्याच्या टोकाचं वळण दिसायचं, जिथं सगळे ब्रेक मारतात. तासाभरानं म्हणाले, "तो लाल टोपीवाला बघ, कासरा लई उशिरा ओढायलाय." लाल हेल्मेटवाला म्हणजे मायकेल शूमाखर, सात वेळचा जगज्जेता. बाबांना ना नाव माहीत, ना टीम. त्या दिवशी पात्रता फेरीत तो पहिल्या दहात नव्हता. दुसऱ्या दिवशी पाचवा आला.

रविवारी शर्यतीआधी दोन रेसरसाठी एक मिनिट स्तब्धता पाळली. डॅन वेल्डन आणि मार्को सिमोन्चेली, दोघंही त्याच महिन्यात शर्यतीत गेले होते. एवढं मोठं मैदान गप्प. बाबा टोपी काढून उभे राहिले. मग ६० फेऱ्या. आपला भारताचा नारायण कार्तिकेयन मागंच होता, सतरावा आला, पण तो समोरून जायचा तेव्हा आम्ही बसलो होतो त्या उतारावरचे सगळे उठून ओरडायचे, बाबासुद्धा. शेवटी सचिननं झेंडा फडकवला.

संध्याकाळी दादाचा फोन. "बघितली मी. जो पहिला निघाला तोच पहिला आला. ह्यात काय बघायचं?" बरोबरच बोलत होता. जर्मनीचा सेबास्टियन फेटल पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढं होता, एकही फेरी त्यानं सोडली नाही. पण आम्ही फेटल बघतच नव्हतो. टीव्हीवर कॅमेरा दाखवेल तेच बघावं लागतं. तिथं आपला माणूस आपण निवडतो, आणि ठरल्या जागेवर तो दर फेरीला काय करतो ते डोळ्यांनी मोजतो. पट बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

माझी चूक एकच झाली. परतीची गाडी रविवारी रात्रीचीच काढली होती. बाहेर पडायला इतका वेळ गेला की गाडी निघून गेली. रात्र फलाटावर काढली आणि सोमवारी जनरलच्या डब्यात उभ्यानं आलो. बाबांचे पाय सुजले होते. दादानं ते सुजलेले पाय वर्षभर माझ्या तोंडावर मारले.

आता तुमचं. चेन्नईत आधी ट्रॅक कुठला ते नक्की करा. जुना, कायमचा ट्रॅक शहरात नाही, श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाईला आहे, साधारण ३.७ किलोमीटरचा. २०२४ मध्ये जी रात्रीची शर्यत झाली ती शहरातल्या रस्त्यांवर, आयलंड ग्राउंड्सच्या भोवती. राहायची जागा या दोन्हींसाठी वेगळी. जुन्या ट्रॅकला जाणार असाल तर शहरात राहू नका. श्रीपेरंबुदूर म्हणजे आपल्या वाळूजसारखा कारखान्यांचा पट्टा, तिकडंच लॉज बघा. जायला अजिंठा एक्स्प्रेसनं काचीगुडा, तिथून चेन्नईची गाडी. शुक्रवारी मुक्कामाला पोचा, सोमवारी परत निघा. नुसता रविवार करणं म्हणजे लग्नाला फक्त अक्षतांपुरतं जाणं. राष्ट्रीय स्पर्धेत छोट्या छोट्या शर्यती दिवसभर चालतात, शनिवारी नीट बघितलं तरच रविवारी कोण कोण आहे ते कळतं.

मुख्य सरळ रस्त्यासमोरच्या महागड्या जागेच्या नादी लागू नका. तिथं गाडी डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जाते. वळण बघा, ब्रेक मारायची जागा बघा. (सोबत म्हातारं माणूस असेल तर मात्र सावलीची जागा घ्या, कितीही महाग असो. हे मी तेव्हा केलं नाही. कानात कापूस विसरू नका.)

दादाचं राहिलं. २०१३ ला फेटल तिथंच चौथ्यांदा जगज्जेता झाला. गाडी सरळ रस्त्यावर गोल गोल फिरवली, उतरला आणि गाडीपुढं वाकून हात जोडले. आम्ही तिघं घरी टीव्हीवर बघत होतो. बाबा म्हणाले, "पोळ्याला बैलाच्या पाया पडल्यागत." दादा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "पुढच्या साली मला बी ने." ती भारतातली शेवटची फॉर्म्युला वन ठरली. बुद्ध सर्किटवर २०२३ ला मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींची जागतिक शर्यतही झाली, पण तोवर दादाचे गुडघे गेले होते.

तुमच्या भावाला घेऊनच जा. तिघांच्या खोलीत चौथी गादी टाकून मिळते.