४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही, मूळ नाहीये. ६४१ ने भागून बघा, ६७००४१७ येतात, बाकी शून्य. पण नंबर भारी आहे हा, २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाला वाटायचं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ (म्हणजे २ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) च्या रांगेतला हा पुढचापण मूळच असणार, शेवटी १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ६४१ शोधून काढला.

आता कॅल्क्युलेटरशिवाय बघा, मला हे फार म्हणजे फार आवडतं. ६४१ म्हणजे ६२५ + १६, म्हणून ६४१ ने भागताना १६ च्या जागी −६२५ घेतलं तरी चालतं. २ चा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८ वा घात, त्यातला १६ काढून −६२५ टाका, आता ६२५ हा ५ चा चौथा घात आणि उरलेला १२८ चा चौथा घात, म्हणजे मिळून झाला ६४० चा चौथा घात, पुढे वजा. ६४० ची बाकी −१ धरा, चौथा घात १, वजा लावला की −१, आणि शेवटचा +१ मिळवला की शून्य!

हाताने शोधायचा असेल तर याचे मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतात, त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पाचवा ६४१च.