लंगडा घोडा कुणासमोर सोडायचा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दुकानासमोर मोठं स्टेशनरीचं दुकान येतंय म्हणून तू सुन त्झू, म्हणजे त्या प्राचीन चिनी सेनानीचं युद्धावरचं पुस्तक, वाचायला घेतलंस, असं आई म्हणाली. वाच. तेरा छोटी प्रकरणं आहेत. पण आधी दुसरं उघड. तिथे शौर्याबद्दल काही नाही, सगळा खर्चाचा हिशेब आहे: हजार रथ, लाखाचं सैन्य, दूरवर पोचवायचं धान्य. लांबलेल्या युद्धाने कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही, असं तो रोखठोक सांगतो. स्टेटसला मात्र हे वाक्य कुणी लावत नाही.

माझ्या कामी आला तो त्याचा वंशज, सुन बिन. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. छी राज्याचा सेनापती राजाशी घोड्यांच्या शर्यतीवर पैजा लावायचा. घोडे तीन प्रतींचे, शर्यती तीन. सुन बिनने त्याला सांगितलं, राजाच्या उत्तम घोड्यासमोर तुझा सुमार घोडा सोड, मधल्यासमोर उत्तम आणि सुमारासमोर मधला. एक हरला, दोन जिंकला, हजार सुवर्णांची पैज खिशात.

मी हे उशिरा शिकलो. माझ्यासमोरच्याने दोनशे पानी वहीचा भाव डझनामागे पाडला, तसा मीही पाडला. जूनभर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि महिनाअखेरीला घाऊकवाल्याचं बिल चुकवायला बायकोकडे पैसे मागितले. तो ट्रकने माल उचलायचा, मी टेम्पोने. वही हा माझा लंगडा घोडा होता, आणि मी त्यालाच चाबूक मारत बसलो होतो.

पुढच्या वर्षी वह्या छापील किमतीला ठेवल्या. कुणी कुरकुरलं तर 'समोर स्वस्त मिळेल' म्हणायचो. रात्री साडेआठला कामावरून परतणारी एखाद्या मुलाची आई शाळेची यादी काउंटरवर ठेवायची. सकाळी तिला संच बांधून तयार मिळायचा, खाकी कव्हर घातलेला, लेबलवर मुलाचं नाव तुझ्या काकूच्या अक्षरात. समोर पगारी पोरं होती, ती आठला शटर ओढायची.

आता गोष्टीतली एक बारीक मेख. सुन बिनने आधी पाहून घेतलं होतं की दोघांच्या घोड्यांच्या वेगात फार फरक नाही. तुझा उत्तम घोडा त्याच्या मधल्यालाही मागे टाकत नसेल, तर क्रम कितीही बदल, दोन शर्यती तरी जातीलच आणि पैजही. मग दुकान दुसऱ्या गल्लीत हलव, त्यात कमीपणा नाही.

रविवारी येशील तेव्हा समोरच्या दुकानातल्या दरांची यादी आणू नकोस. आजपासून गल्ल्याजवळ एक वही ठेव आणि तुझ्याकडून कोण काय मागून रिकाम्या हाताने परत गेलं, तेवढं लिही. वेळही लिही.

तुझा,
काका