मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईची नजर गेली, केस होईल का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे आईला पाच-सहा वर्षं युव्हायटिसचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेचा त्रास, डोळा लाल व्हायचा, स्टिरॉइडचे ड्रॉप घातले की बसायचा, त्यातूनच मोतीबिंदू झाला. प्रायव्हेट हॉस्पिटलने 38 हजारांच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन केलं, आदल्या आठवड्यातसुद्धा डोळा लाल होता, आणि आज 14 महिन्यांनी पडद्याला सूज आहे, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. हॉस्पिटल म्हणतं ऑपरेशन सक्सेसफुल, आजार तुमचाच. मामेभाऊ म्हणतो एफआयआर कर.

मामेभावाचं सध्या राहू द्या. सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी केस चालायला निष्काळजीपणा ढोबळ, अगदी टोकाचा लागतो आणि पोलिसांना आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घ्यावं लागतं. त्यात वर्ष जाईल.

तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. पण तिथे जाऊन "आईचा डोळा गेला" एवढंच म्हणाल तर हराल, स्पष्ट सांगतो, कारण युव्हायटिसच्या पेशंटला सगळं नीट करूनही ऑपरेशननंतर पडद्याला सूज येऊ शकते आणि त्यांचा वकील पहिलं वाक्य हेच बोलणार. तुमचा मुद्दा ऑपरेशनच्या आधीचा आहे. अशा डोळ्याला साधारण निदान तीन महिने शांत ठेवून, सूज उसळू नये म्हणून आधीपासून स्टिरॉइड देऊन मगच हात लावतात. मोतीबिंदू फुटून त्याचीच सूज आली असेल तर थांबता येत नाही, पण तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. मग लाल डोळ्यावर इतकी घाई का, याचं उत्तर त्यांनी द्यायचं.

आता खरी गोम. तुम्ही लिहिता की जुन्या आजाराचं ज्युनिअर डॉक्टरला "तोंडी सांगितलं होतं". ते त्यांच्या केसपेपरवर लिहिलंय का? लिहिलेलं असेल तर निम्मी केस तुम्ही जिंकलात, कारण माहीत असून घाई केली असं होतं. नसेल तर तुम्ही लपवलंत म्हणतील, तेव्हा जुन्या डॉक्टरची चिठ्ठी, ड्रॉपची मेडिकलची बिलं, जे सापडेल ते काढा. हॉस्पिटल रेकॉर्ड देत नाही म्हणता ना, मग पेशंटच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे 72 तासांत कागद द्यावे लागतात. आजच करा, कारण ते कागद तीनच वर्षं जपायचं बंधन आहे.

संमतीपत्र इंग्रजीत आणि सही तुमच्या मिस्टरांची, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आई शुद्धीत होत्या, सज्ञान आहेत, मग संमती त्यांचीच हवी, आणि "तुमच्या डोळ्यात धोका जास्त आहे" हे समजेल अशा भाषेत सांगायला हवं. 2008 च्या समीरा कोहली निकालात सुप्रीम कोर्टाने हे नीट मांडलंय. मात्र त्यात भरपाई 25 हजारच मिळाली होती, म्हणून फक्त याच मुद्द्यावर लाखोंची स्वप्नं नकोत.

मुदत दोन वर्षं, म्हणजे हातात दहा महिने. नोटिसा पाठवत बसलात तर मुदत थांबत नाही. आयोगाची फी मागितलेल्या भरपाईवर नाही, तुम्ही हॉस्पिटलला भरलेल्या पैशांवर ठरते, 5 लाखांपर्यंत शून्य, त्यामुळे पावती जपा. तुमच्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. (डॉक्टर ग्राहक कायद्यात आहेत, आम्ही वकील 2024 च्या निकालाने त्यातून सुटलो, हसा हवं तर.) तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसला लागतंच असं नाही, पण तुमच्या केसला लागेल, म्हणून मेडिकल कॉलेजच्या डोळा विभागातून लेखी घ्या.

आणि केससाठी म्हणून आईची ट्रीटमेंट थांबवू नका हो, सूज उतरली तर नजर थोडी परत येऊ शकते. आजच युव्हायटिस बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, करून घ्या, आणि ओरिजिनल कागद कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी माझ्याही, झेरॉक्स द्या.