तेजीचे मूळ स्वस्त कर्जात असते का?

प्रश्न : २०२२ साली कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला, तेव्हा आमच्या ओळखीच्या दोघांनी कर्ज काढून जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याची, नवी यंत्रे बसवली. पुढे भाव उतरले. आता ऐन हंगामातही यंत्रे बरेच दिवस बंद असतात आणि हप्ते मात्र थांबत नाहीत. ऑस्ट्रियन पंथाचे अर्थशास्त्रज्ञ अशा तेजी-मंदीचे खापर स्वस्त कर्जावर फोडतात, असे वाचले. ते खरे मानावे का? आणि धंद्यात मुरलेली माणसे फसतात कशी?
– एक वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : लुडविग फॉन मिझेस यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या आणि फ्रीडरिश हायेक यांनी १९३१ च्या सुमारास विस्तारलेल्या या सिद्धान्तानुसार, लोकांची बचत किती आहे हे उद्योजकाला व्याजदरावरून कळते. बचत वाढलेली नसताना बँकांनी नवा पैसा निर्माण करून कर्ज स्वस्त केले, की उशिरा फळ देणारे प्रकल्प कागदावर फायद्याचे दिसतात. पण लोकांचा खर्च कमी झालेला नसल्याने मजूर आणि माल यांची ओढाताण होते, व्याज चढते आणि प्रकल्प अर्धवट राहतात. हाताशी असलेल्या विटांचा अंदाज चुकून मोठ्या घराचा पाया घालणाऱ्या गवंड्याचा दाखला मिझेस यांनीच दिला आहे. मंदीचे बीज तेजीतच पडलेले असते, हा या मताचा गाभा.

माणसे फसतात कशी, हा आपला दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि वादही तिथेच अडला आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन टलॉक यांनी १९८८ मध्ये हाच आक्षेप घेतला : एकदा ठेच लागलेला उद्योजक पुढच्या वेळी स्वस्त व्याजाला भुलणार नाही. त्यावर ऑस्ट्रियन पक्षाचे उत्तर असे, की व्याज चढणार हे ठाऊक असूनही एकट्याने कर्ज नाकारले तर बाजार शेजारी घेऊन जातो, म्हणून वेळेत बाहेर पडू या आशेने प्रत्येक जण उतरतो. कापसाच्या गाठी विकून मोकळ्या होणाऱ्या व्यापाऱ्याला हे लागू पडते. जमिनीत पाया घालून बसवलेले यंत्र मात्र चढ्या भावात विकून सुटता येत नाही, म्हणून जिनिंगवाल्याच्या बाबतीत हे उत्तर मला अपुरे वाटते. दोष नेमका कोणाचा, यावर त्या पंथातही एकमत नाही. मरे रॉथबर्ड ठेवींचा काही अंशच राखून कर्ज देणाऱ्या बँकपद्धतीलाच दोष देत. जॉर्ज सेल्गिन आणि लॉरेन्स व्हाइट मध्यवर्ती बँकेला.

आता आपले उदाहरण. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्क्यांवर गेला, त्यामुळे सिद्धान्त हुबेहूब जुळल्यासारखा वाटतो. परंतु कापसाची तेजी जागतिक बाजारातून आली होती. अमेरिकेतील १८६१–६५ च्या यादवी युद्धात वऱ्हाडचा कापूस असाच चढला आणि युद्ध संपताच कोसळला; त्याच काळात मुंबईत शेअर तारण ठेवून बेसुमार कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. वऱ्हाडातली तेजी युद्धाने आणली होती, मुंबईतले शेअरचे वेड मात्र पतपुरवठ्याने फुगवले होते. ही दोन कारणे वेगळी ठेवावीत, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या ओळखीच्यांनी प्रकल्प अहवाल पुन्हा काढून हप्ता जुन्या व्याजाने मोजावा आणि यंत्र वर्षाकाठी किती दिवस चालेल असे धरले होते, तेही पाहावे. जुन्या व्याजानेही कापसाच्या आजच्या आवकेत तोटाच दिसला, तर चूक व्याजाने घडवलेली नसून कापसाच्या अंदाजाची आहे.