आयोवातल्या जेफरसन काउंटीचा इतिहास शोधायचा तर जमिनीच्या कागदांपासून सुरुवात करा

तुम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या फेअरफील्डला शिकायला निघाला आहात. महर्षी महेश योगींच्या विद्यापीठाआधी तिथल्या जेफरसन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोण राहत होतं आणि ते शोधायचं कसं, हा तुमचा प्रश्न. माझा सल्ला असा की शहरापासून नको, जमिनीच्या कागदांपासून सुरुवात करा.

मुळात ही जमीन सॉक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांची. काउंटीचा बराचसा भाग १८३७ च्या करारात त्यांच्या हातून गेला आणि १८३९ मध्ये काउंटी स्थापन झाली. खरेदीखतांत त्यांचं नाव कुठेच सापडत नाही, म्हणून करार वेगळे वाचायलाच हवेत. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये टामा काउंटीत स्वतःच्या पैशाने ८० एकर विकत घेतले. ते आजही तिथे आहेत.

सातबाऱ्यावर गट नंबर असतो, तसा तिकडे सेक्शन नंबर. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यात १ पासून सुरू होऊन पश्चिमेला ६ पर्यंत जातात. ७ हा ६ च्या खाली, आणि तिथून पुन्हा पूर्वेकडे, नांगराचे बैल तासाच्या टोकाला वळतात तसे. जमिनीचं इंग्रजी वर्णन शेवटाकडून वाचायचं: उदाहरणार्थ, आधी सेक्शन, मग त्याचा नैर्ऋत्य पाव भाग, मग त्या पाव भागाचा ईशान्य पाव. म्हणजे ४० एकर. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर होता, तेव्हा एवढा तुकडा ५० डॉलरला.

पहिल्या सरकारी विक्रीच्या नोंदी केंद्रीय भूमी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. पुढचे व्यवहार फेअरफील्डच्या कोर्टहाउसमध्ये, रेकॉर्डरकडे (दस्त नोंदवणारा अधिकारी). तिथे विकणारा आणि घेणारा अशा दोन वेगळ्या सूची असतात, दोन्ही चाळा. मध्येच साखळी तुटली तर बहुतेक वेळा जमीन वारसाने गेलेली असते, तेव्हा कोर्टाच्या क्लार्ककडे मृत्युपत्राचे कागद मागा. कूळ म्हणून कसणारे या सूचींत येत नाहीत, ते जनगणनेतच भेटतात.

काउंटीच्या पूर्व भागात, लॉकरिजच्या बाजूला, न्यू स्वीडन ही स्वीडिश लोकांची वसाहत आहे. १८४५ मध्ये पीटर कासेल स्वीडनमधल्या किसा गावाकडची माणसं घेऊन इथे उतरला. त्याने घरी लिहिलेली पत्रं तिकडच्या वर्तमानपत्रांत छापली गेली आणि ती वाचून आणखी कुटुंबं निघाली. १८४८ मध्ये लुथरन पंथाची चर्च-मंडळी उभी राहिली. तिचा पहिला धर्मोपदेशक हाकान्सन पेशाने चांभार होता. पुढे मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट असे फाटे फुटले, तेव्हा एकाच कुटुंबाच्या नोंदी दोन-तीन चर्चमध्ये विखुरलेल्या असू शकतात.

शोध सर्वांत जास्त फसतो तो आडनावांत. लार्सचा मुलगा आंदर्स तो आंदर्स लार्सन, पण आंदर्सचा मुलगा योहान तो योहान आंदर्सन. आपल्याकडे बापाचं नाव मधे लागतं, इथे तेच आडनाव होऊन बसतं आणि पिढीगणिक बदलतं. म्हणून आडनावापेक्षा जन्मतारीख आणि मूळ गाव धरा.

जनगणनेत १८५० पासून घरातल्या सगळ्यांची नावं आहेत. १८९० ची जवळजवळ पूर्ण नष्ट झाली, तिथे आयोवा राज्याची १८८५ आणि १८९५ ची वापरा. सगळ्यांत भरीव १९२५ ची राज्य जनगणना: तिच्यात आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनावही. शक्यतो इथून मागे मागे जा.

तुमचं विद्यापीठ या थरांत अगदी अलीकडचं. फेअरफील्डमधलं पार्सन्स कॉलेज १८७५ मध्ये सुरू झालं, १९६७ मध्ये त्याची मान्यता गेली आणि १९७३ मध्ये ते बंद पडलं. १९७४ मध्ये महर्षींचं विद्यापीठ कॅलिफोर्नियातून त्याच आवारात आलं. ध्यानाचे सोनेरी घुमट १९८० आणि १९८१ चे, तर शहराबाहेरच्या वेदिक सिटीला २००१ मध्ये नगराचा दर्जा मिळाला. गावातली जुनी मंडळी आणि ध्यानासाठी आलेली मंडळी बरीच वर्षं एकमेकांपासून अंतर राखून होती, तेव्हा दोन्हींकडची माणसं गाठून विचारा. पहिली फेरी मात्र १८९३ च्या जुन्या कार्नेगी ग्रंथालयाच्या इमारतीत मारा. तिथे आता काउंटीचं संग्रहालय आहे.