फॉर्म साठवताना प्रत्येक ओळीमागे दोन क्वेऱ्या कशाला?

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांच्या नोंदणी फॉर्ममध्ये ४० प्लॉट भरून ‘सेव्ह’ दाबले की डेटाबेसकडे ८० क्वेऱ्या (वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञा) जातात, त्या कशा कमी कराव्यात, असे आपण विचारले आहे. आपला कोड प्रत्येक प्लॉटसाठी आधी सिलेक्ट (वाचन) करून नोंद आहे का ते पाहतो आणि मग इन्सर्ट (नवी नोंद) किंवा अपडेट (जुन्या नोंदीत बदल) करतो. ही तपासणी अनावश्यक तर आहेच, शिवाय विश्वासार्हही नाही; कारण तपासणी आणि इन्सर्ट यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या कोणी तोच प्लॉट भरला, तर नोंद दुबार होते.

शेतकरी क्रमांक आणि प्लॉट क्रमांक या जोडीवर युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) लावावा आणि सर्व ओळी प्लेसहोल्डर (मूल्यांसाठी राखलेल्या जागा) वापरून एकाच इन्सर्टमध्ये पाठवाव्यात, त्यासोबत, नोंद आधीच असेल तर तीच बदलावी यासाठी, आपला डेटाबेस असेल त्याप्रमाणे पोस्टग्रेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ (२०१६ मधील ९.५ आवृत्तीपासून उपलब्ध) किंवा मायएसक्यूएलमध्ये ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ जोडावे. खुडणीच्या वेळी कोणी एकेक मणी क्रेटमध्ये टाकत नाही, घडच ठेवतात.

एक खाच मात्र लक्षात ठेवावी: त्याच इन्सर्टमध्ये एक प्लॉट दोनदा आला, तर पोस्टग्रेस त्रुटी देऊन सगळेच नाकारते, म्हणून दुबार ओळी आधी कोडमध्येच गाळाव्यात. न बदललेल्या ओळी पुन्हा लिहिल्या जाऊ नयेत यासाठी पोस्टग्रेसमध्ये अपडेटला ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ची (मूल्य वेगळे असेल तरच) अट लावता येते. द्राक्षाच्या जातींची यादी प्रत्येक ओळीसाठी वाचली जात असेल, तर ती लूपच्या (प्रत्येक ओळीसाठी पुन्हा चालणाऱ्या कोडच्या) बाहेर काढून एकदाच वाचावी.