रीमॅप केलेली टर्बो गाडी ई20 पेट्रोलवर चालवली तर पॉवर वाढेल की इंजिन बसेल?

तुमची पोलो जीटी टीएसआय, त्यावर स्टेज वन रीमॅप (पार्ट न बदलता फक्त इंजिन कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं), आणि गोव्यातल्या पंपांवर आता सगळीकडे ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. माझ्या मते यातलं काहीच आपोआप होणार नाही. रीमॅप कुठल्या पेट्रोलवर केलाय, त्यावर सगळं अवलंबून आहे.

ऑक्टेनचा, म्हणजे इंधन वेळेआधी पेटण्याला किती विरोध करतं त्या आकड्याचा हिशोब आधी. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन 108च्या आसपास असतो, शिवाय वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढून घेतं. नॉकिंगला (इंधन भलत्या वेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याला) आळा बसतो, टर्बोला हे मानवतंच. पण पंपावरचं ई20 साधारण 95 ऑक्टेनचं. ट्यूनरने (रीमॅप करणाऱ्याने) टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, त्या हिशोबाने पुढे घेतलं नसेल, तर त्यातून हाती फारसं लागत नाही.

खरी मेख इंधनाच्या पुरवठ्यात आहे. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ई20 आठेक टक्के जास्त ओतावं लागतं. रोजच्या फोंडा-पणजी फेरीत लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) हे सांभाळून घेतो. पण रीमॅपने बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आधीच वाढवलाय. चोर्ला घाटात फुल थ्रॉटलवर हाय प्रेशर पंपाचा (इंजिनाला दाबाने पेट्रोल पुरवणाऱ्या) दम संपला, की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पिस्टनवर संकट येतं.

म्हणून एक ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) घ्या आणि लॉग काढा: लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर सतत किती टक्के जास्त-कमी इंधन देतोय), रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला मिळणाऱ्या इंधनाचा दाब (मागितलेलं आणि मिळालेलं), प्रत्येक सिलिंडरचा इग्निशन रिटार्ड (नॉकिंगमुळे स्पार्क किती मागे घेतला). ट्रिम 10 टक्क्यांच्या वर चिकटून असेल किंवा चढावर रेल प्रेशर ढासळत असेल, तर स्टॉक फाइल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) परत टाका आणि ट्यूनरला गाठा. फाइल किती टक्के इथेनॉल धरून लिहिली, हे त्याला सरळ विचारा. उत्तर द्यायला तो कचरला तर दुसरा ट्यूनर शोधा. परदेशातल्या ई85 (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) फाइलींच्या नादी मात्र अजिबात लागू नका.

मायलेज थोडं पडेल, ते गृहीत धरा.

आणि आपल्याकडचा पावसाळा! इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर गाडी नुसती उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, काठोकाठ भरा. गाडी 2023च्या आधीची, म्हणजे बहुधा ई20 धरून न बनवलेली असल्याने रबरी फ्युएल होज पुढच्या सर्व्हिसला तपासून घ्या.